माझा अनुभव : वरच्या लीगमधून गोलकीपरला बोलावणं येतं तेव्हा

उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीची उतरंड साधारण अशी : वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल, त्याखाली ईसीएचएल. एनएचएलचे संघ ३२ आणि प्रत्येक सामन्याला संघाचे गोलकीपर दोन, म्हणजे जागा ६४. बाकीचे आम्ही खाली रांगेत. माझी बरीचशी कारकीर्द ईसीएचएलमध्ये गेली, अधूनमधून एएचएलची वारी. फॉरवर्डचा, म्हणजे पुढे चढाई करणाऱ्याचा, सूर हरवला तर त्याला चौथ्या लाइनमध्ये (सगळ्यांत कमी खेळणाऱ्या त्रिकुटात) थोडा वेळ खेळवून बघता येतं. गोलकीपर एकतर खेळतो नाहीतर बसतो. त्यामुळे आमची बढती आमच्या आकडेवारीपेक्षा दुसऱ्याच्या जांघेच्या स्नायूवर जास्त अवलंबून असते. एनएचएलचा गोलकीपर दुखावला की एएचएलचा वर सरकतो आणि ती रिकामी जागा भरायला खालून कुणालातरी उचलतात.

फोन बहुधा स्वतःच्याच कोचचा येतो. ज्याचा करार फक्त ईसीएचएल क्लबशी आहे, त्याला वर पीटीओवर, म्हणजे प्रोफेशनल ट्रायआउट या तात्पुरत्या करारावर सही करावी लागते. त्याची मर्यादा २५ सामन्यांची, पण २५ सामने मिळतील असा कुणी शब्द दिलेला नसतो. ज्याच्या जागेवर गेलात तो बरा झाला की तुम्हाला मोकळं करतात. म्हणून फोन ठेवण्याआधी मी तीन गोष्टी विचारून घेतो : वरचा पगार कुठल्या तारखेपासून, राहण्याची सोय कोणाची, आणि खालचं घर माझ्या नावावर राहणार की नाही. ईसीएचएलमध्ये राहायला जागा क्लब देतो, आणि तुम्ही नसताना बदली आलेल्या गोलकीपरला तुमचीच खोली मिळू शकते. कराराचं काही अडलं तर पीएचपीएला फोन करावा. खेळाडूंची ही संघटना दोन्ही लीगसाठी एकच आहे. आणि पासपोर्ट कायम बॅगेत. एएचएलचे काही संघ कॅनडात आहेत, आणि सीमेवरच्या अधिकाऱ्याला तुमच्या सामन्याच्या वेळेशी काही देणंघेणं नसतं.

खरी धावपळ सामानाची. वरच्या क्लबकडे टेप, टॉवेल, अंडरशर्ट सगळं मिळतं. गोलकीपरची गिअर मात्र ज्याची त्यालाच बसते. त्यातही मास्क आणि स्केट्स दुसऱ्याचे चालत नाहीत. प्रवासात गिअर ओली राहिली की ग्लोव्हचा तळवा फुगतो आणि पकड उशिरा मिटते, म्हणून बॅग भरायच्या आधी वेळ असेल तेवढा पंखा लावायचा. आतले पॅडिंग सुटे काढून सुकवायचे, तेही हीटरला टेकवून नाही. चामडं कडक होऊन चिरतं. काठ्या किमान चार घ्याव्यात. जो उजव्या हाताने पक (खेळातली रबरी चकती) पकडतो त्याने सहा. त्याच्या मापाची काठी दुसऱ्या ड्रेसिंग रूममध्ये उसनी मिळेल या भरवशावर राहू नये.

स्केटच्या पात्याचे दोन जोड धार लावून सोबत ठेवायचे. गोलकीपरचं पातं खेळाडूंच्या पात्यापेक्षा जाड आणि लांबीला जास्त सपाट असतं. धारेचा हॉलो, म्हणजे पात्याच्या तळातली खाच, किती खोल, हे चिठ्ठीवर लिहून स्केटला चिकटवावं, कारण नवा इक्विपमेंट मॅनेजर त्याच्या नेहमीच्या मापाने धार लावून मोकळा होतो. हॉलो जास्त खोल झाला तर गोलसमोर आडवं सरकताना पातं बर्फात अडकतं. फार उथळ झाला तर गुडघ्यांवरून उठून ढकलताना पाय निसटतो. दक्षिणेकडच्या दमट गावांत बर्फ मऊ आणि उत्तरेत कडक, त्यामुळे तेच माप दोन्हीकडे सारखं लागत नाही.

पायांचे पॅड रुंदीला जास्तीत जास्त ११ इंच. ही मर्यादा सगळीकडे एकच असल्यामुळे तिथे घोळ होत नाही. घोळ होतो पट्ट्यांचा. पोटरीचा पट्टा सैलच हवा, म्हणजे बटरफ्लायमध्ये (गुडघे टेकून पाय दोन्ही बाजूंना पसरत) खाली बसताना पॅड पायाभोवती फिरून बर्फावर सपाट येतो. घाईत तो घट्ट ओढला गेला की पॅड फिरत नाही, गुडघा आतल्या जागेवर न बसता कडेला आपटतो आणि पीळ थेट खुब्यात जातो. गोलकीपरची दुखणी मुख्यतः खुब्याची आणि जांघेची. हंगाम बुडवणारीही तीच. पायाच्या बोटांपाशी पूर्वी लेसने घट्ट बांधायचे, आता लवचीक दोरी लावतात, ती याच कारणासाठी.

रंगाची एक वेगळीच गंमत. अंगावर पॅड जुन्या संघाच्या रंगाचे, मास्कवर जुन्या संघाचं चित्र, आणि जर्सी नवी. जर्सीवर नावाची पट्टी संध्याकाळपर्यंत शिवून होते, पँटवर संघाच्या रंगाचं कव्हर चढतं. पॅडला कुणी रंगीत विनाइल चिकटवून देतं, कुणी तसंच राहू देतं. नाशिकची मावशी फोटो बघून विचारते, नक्की कुठल्या टीममध्ये आहेस? प्रश्न रास्त आहे.

पहिल्या दिवशी सकाळच्या सरावात काम ठरलेलं असतं. रात्री खेळणारा गोलकीपर लवकर बर्फावरून उतरतो. बॅकअप मागे राहतो आणि त्या दिवशी न खेळणारे सगळे त्याच्यावर पक मारत सुटतात. हे कंटाळवाणं वाटलं तरी ओळखपरेड तीच असते. कोण शॉट मारण्याआधी पक ओढून घेतो, कुठला डिफेन्समन उंच मारतो, हे तिथेच कळतं. वरच्या लीगमध्ये शॉट जोरात येतात, पण बचाव शिस्तीत असतो आणि पक कुठून येणार ते दिसतं. खाली शॉट हळू, पण पास कुठे जाईल त्याचा नेम नाही. माझ्या मते गोलकीपरला ईसीएचएल जास्त अवघड जातं, आणि आकडे वाचणाऱ्यांना ते कळत नाही.

आकड्यांचं गणित बॅकअपसाठी निर्दयी असतं. ३०० शॉटपैकी २७३ अडवले तर सेव्ह टक्केवारी .९१०. पुढच्या एका रात्री २० पैकी ४ आत गेले की ती .९०३. रोज खेळणारा हा खड्डा दोन आठवड्यांत भरून काढतो, बाकावर बसणारा महिनाभर तोच आकडा मिरवतो.

सामना चालू असताना मध्येच गोलमध्ये उतरवलं तर वॉर्मअप मिळत नाही. बाकावर मी दर काही मिनिटांनी उभा राहून खुबे हलवत राहतो. बाकाचं दार उघडायचं काम बॅकअपचंच, त्यामुळे कुणाला ते विचित्र दिसत नाही. आत गेल्यावर आधी क्रीजमधला, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेतला, बर्फ पात्याने आडवा खरवडायचा, नाहीतर गुळगुळीत बर्फावर पहिलाच धक्का घसरतो. मग दोन्ही खांबांना टेकून जागा पक्की करायची आणि प्रत्येक बाजूला एकदा गुडघ्यांवर बसून उठायचं. पहिला पक शक्यतो धरून ठेवून शिट्टी मिळवायची, तेवढ्यात श्वास जागेवर येतो.

या धंद्याचा पल्ला बघायचा तर गोलकीपर मायकल लेटन बघावा. २४ एप्रिल २००८ ला एएचएलमध्ये आल्बनीकडून त्याने पाच जादा पिरियडच्या सामन्यात ९८ शॉट अडवले, आणि संघ ३-२ असा हरला. २०१० मध्ये तोच फिलाडेल्फियाकडून एनएचएलच्या विजेतेपदाच्या, म्हणजे स्टॅनली कपच्या, अंतिम फेरीत होता, आणि त्यानंतर पुन्हा अनेक वर्षं एएचएलमध्ये.

परत पाठवतात तेव्हा फारशी बोलणी होत नाहीत. जाताना धार लावायला दिलेली पाती आठवणीने मागून घ्यायची, सरावाच्या काठ्या मोजायच्या आणि गिअर त्याच रात्री सुकवायची, कारण ईसीएचएलमध्ये शुक्रवार, शनिवार, रविवार असे सलग तीन सामने असू शकतात आणि मधला रस्ता बसचा. खालच्या कोचला वर खेळलेल्या सामन्यांचे व्हिडिओ मागवायला सांगावं. वर्षअखेरीला प्रत्येक अमेरिकी क्लबकडून वेगळा डब्ल्यू-टू फॉर्म (पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) येतो आणि ज्या राज्यांत खेळलात तिथल्या कराचा हिशोबही वेगळा लागतो. तोपर्यंत पत्ता बदललेला असतो, म्हणून सगळीकडे आईवडिलांच्या घरचाच पत्ता द्यावा.