पाठभेद

जुन्या बाजारातल्या त्या माणसाने मला प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "साहेब, हा नुसता कीबोर्ड आहे हं. बाकीचा कॉम्प्युटर नाहीये याच्याबरोबर." मी गंभीरपणे मान हलवली, कीबोर्डाचा भाव दिला आणि वस्तू पिशवीत टाकली. चार पावलं गेल्यावर मनाला जरा टोचलं, पण परत फिरलो नाही. बाकीचा कॉम्प्युटर असा कधी नव्हताच. जे काही आहे ते त्या कीबोर्डाच्या पोटात. अंगावर नाव 'डीबी स्पेक्ट्रम+'. म्हणजे विलायतेतल्या सिंक्लेअर कंपनीच्या घरगुती कॉम्प्युटरचा भारतीय अवतार, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन इथे आणलेला. असा एक मिळावा म्हणून मी सहा वर्षं रविवारची झोप मोडत होतो.

घरी आल्यावर बायकोने पिशवीत डोकावून विचारलं, "हा आठवा ना?"

"हो."

"तसाच काळा आहे की."

हेच तर अवघड आहे. तिकिटं, नाणी, काडेपेट्या जमवणाऱ्याला पाहुण्यांपुढे निदान वही उलगडता येते. माझ्याकडे कपाटात आठ काळे डबे आहेत आणि त्यांच्यातला फरक दाखवायचा तर आधी स्क्रूड्रायव्हर शोधावा लागतो. तोवर पाहुण्यांचा चहा संपतो.

सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम 23 एप्रिल 1982 रोजी बाजारात आला. 16 केबी स्मृतीचा 125 पौंडांना, 48 केबीचा 175 पौंडांना. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरवरून गेम चढवायचा. रिक डिकिन्सनने त्याला रूप दिलं, डंडीमधल्या टायमेक्सच्या कारखान्यात तो जुळवला जायचा, आणि त्याची बटणं होती रबराची. खोडरबरावर बोट दाबल्यासारखं वाटायचं. लोकांच्या लेखी स्पेक्ट्रम म्हणजे हे एक यंत्र. आतला बोर्ड मात्र पुन्हा पुन्हा बदलत गेला. प्रत्येक बदलाला 'इश्यू' म्हणतात आणि आकडा बोर्डावरच छापलेला असतो. इश्यू एक, दोन, तीन, पुढे सहापर्यंत. आमच्यातले लोक लग्नात भेटले तरी "तुझा इश्यू कितवा?" असं विचारतात आणि शेजारचा माणूस दचकून बघतो.

या आकड्यांमागे सुधारणा कमी आणि सारवासारव जास्त, आणि मजा सगळी तिथेच आहे. इश्यू एकसाठी फेरांटीने बनवलेली मुख्य चिप हाती आली तेव्हा तिच्या मांडणीत चूक निघाली. नवी चिप येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग काय केलं, तर आणखी एक छोटी चिप घेऊन ती पाय वर करून उलटी बसवली आणि तारांनी जोडली. संग्राहक मंडळी तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. फोटो बघितलात तर दुसरं नाव सुचणार नाही.

दुसरं उदाहरण माझं जास्त लाडकं. 48 केबीच्या मशीनमधली वरची 32 केबी स्मृती ज्या आठ चिपांची असते, त्या मुळात दुप्पट क्षमतेच्या. पण कारखान्यात तपासणीच्या वेळी त्यांचा निम्मा भाग नापास झालेला. अशा अर्ध्या नापास चिपा स्वस्तात मिळायच्या. सिंक्लेअरने त्या घेतल्या. अट एवढीच, की आठही जणींचा एकच अर्धा भाग चांगला असला पाहिजे. वरचा चांगला की खालचा, हे सांगायला बोर्डावर तारेचा एक छोटा तुकडा इकडे किंवा तिकडे डाखलेला असतो. आमच्या घरी गळका टोमॅटो अर्धा कापून कोशिंबिरीत जातो, तशातला प्रकार. या काटकसरीबद्दल मला त्या कंपनीविषयी आपुलकी वाटते.

इश्यू दोनवरून तीनवर जाताना कीबोर्ड वाचण्याच्या पद्धतीत एका बिटाचा फरक पडला. एकच बिट. पण काही जुने गेम त्या बिटाच्या भरवशावर लिहिलेले होते, ते नव्या मशीनवर रुसून बसले. आजही संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'इश्यू 2 कीबोर्ड' अशी एक खूण करायची चौकट सापडते, ती त्या रुसव्यामुळे.

हे सगळं मी एका जुन्या खतावणीत लिहून ठेवतो. पोटावरच्या लेबलाचा क्रमांक, इश्यू, मुख्य चिपेचा नंबर, रॉम, स्मृतीच्या चिपा एकेक करून. चिपेवर बहुधा चार आकडे असतात: 8337 म्हणजे 1983 सालचा सदतिसावा आठवडा. यंत्र आपल्या सगळ्यांत तरुण चिपेपेक्षा म्हातारं असू शकत नाही, हा साधा हिशेब. तिरपा उजेड पाडून भिंगातून ते आकडे वाचायचे. एका बोर्डाला एक संध्याकाळ जाते.

पुण्यात वाढलेल्याला या उद्योगाचं नाव शोधायला लांब जावं लागत नाही. भांडारकर संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं ते 1966 साली पुरं झालं. हजाराहून जास्त हस्तलिखितं जमवली, एकेक श्लोक ताडून पाहिला आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात पाठभेद, म्हणजे प्रतीप्रतींतले शब्दांचे फरक, दिले. माझी खतावणी म्हणजे त्या तळटीपाच, फक्त वरचा श्लोक गायब. त्या विद्वानांचा एक नियम मी बिनदिक्कत उचलला आहे: दोन पाठांपैकी जो अवघड, अडखळायला लावणारा, तो बहुधा जुना, सोपा करणारा नंतर येतो. बोर्डाचंही तसंच. जितक्या जास्त तारा, झुरळं आणि ठिगळं, तितका तो आधीचा. नीटनेटका दिसला की समजावं, हा मागाहून आला. मूळ शुद्ध प्रत शोधायचा त्यांचा ध्यास मात्र मला परवडत नाही. इथे पहिली प्रतच सगळ्यांत अशुद्ध.

आणि प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घुसडलेलं? तेही असतं.

कपाटातला सगळ्यांत जुना डबा मामाने 1984 साली लंडनहून आणलेला. घरचाच म्हणून तो मी कधी उघडलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात एकदाचे पाच स्क्रू काढले. कीबोर्डाच्या दोन पातळ पट्ट्या आता पापडासारख्या झाल्या आहेत, त्या श्वास रोखून सोडवल्या. इश्यू तीन. खालच्या 16 केबीच्या आठ चिपा ओळीने. सात एकाच कंपनीच्या, सगळ्या 83 सालच्या, थेट बोर्डाला डाखलेल्या. सहावी वेगळ्या कंपनीची, सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येईल अशा खोबणीत बसवलेली, आणि तिच्यावर 8541.

मामाने 84 साली आणलेल्या यंत्रात 85 सालच्या ऑक्टोबरमधली चिप कशी? मी भिंग पुसून पुन्हा वाचलं. मग आठवलं.

1987 च्या मे महिन्यात मी स्पेक्ट्रमला टेपरेकॉर्डरचा अ‍ॅडॅप्टर लावला होता. पिन बरोबर बसली. पण या यंत्राच्या पिनेत आतली बाजू ऋण असते, टेपरेकॉर्डरची धन होती. काहीच झालं नाही. मूळ अ‍ॅडॅप्टर लावल्यावर पडद्यावर रंगीत चौकोन उमटले आणि तिथेच थिजले. मी यंत्र खोक्यात घालून कपाटावर ठेवलं आणि दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी खोकं खाली काढलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गरम झालं असेल. थंड होऊ दे आठ दिवस." आठ दिवसांनी ते खरंच चालू झालं. तेव्हापासून परवापर्यंत मी हे शास्त्र मानत आलो. बंद पडलेला मिक्सरसुद्धा मी आधी थंड होऊ देतो.

म्हणजे ते आठ दिवस खोकं कपाटावर नव्हतं. कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे होतं. त्याने ती चिप कुठून पैदा केली आणि त्या महिन्यात आमच्या घरातला कुठला खर्च मागे पडला, हे बाबांना विचारायची सोय आता नाही. सॉकेट मात्र त्याने फार सफाईने बसवलं आहे. पुन्हा लागेल, असा त्याचा अंदाज असावा. किंवा बाबांचा.

माझा एक मित्र या कामात पारंगत आहे. तो म्हणाला, "83 सालची त्याच कंपनीची चिप माझ्याकडे पडून आहे. बदलून टाकू, संच पुरा होईल." मी नको म्हटलं. संध्याकाळी खतावणी काढली, सहाव्या रकान्यात 8541 लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'थंड झाल्यावर चालू.'