उतारावर स्किडची टोकं टेकवताना

सपाट जमिनीवर हॉवर, म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर धरणं, मला चांगलं जमायचं. तरीही 'टो-इन'चा सराव सुरू झाला तेव्हा पहिले दोन दिवस सायक्लिकवरचा, म्हणजे हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवणाऱ्या दांड्यावरचा, हात लाकडासारखा ताठ व्हायचा. टो-इनमध्ये तीव्र उतारावर दोन्ही स्किडची (हेलिकॉप्टरखालच्या लांब आडव्या नळ्यांची) फक्त पुढची टोकं टेकवतात, भार रोटरवरच, म्हणजे वर फिरणाऱ्या पात्यांवरच, असतो आणि तशातच माणसं-सामान उतरवायचं असतं.

त्याआधी सर उंचावर, मोकळ्या हवेत हॉवर करायला लावायचे. जमिनीलगत, साधारण रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत, ग्राउंड इफेक्टमुळे, म्हणजे जमीन जवळ असल्याने मिळणाऱ्या आधारामुळे, कमी पॉवर पुरते. तीव्र उतारावर तो आधार गृहीत धरता येत नाही. त्यामुळे वरच पॉवर शिल्लक दिसली नाही, तर माघारी फिरायचं. निसटायची वाटही तेव्हाच ठरवायची.

पात्यांच्या वाऱ्याने गवत झोपतं, आणि त्याकडे पाहिलं की आपणच सरकतोय असं वाटतं. म्हणून मी पांढरी रेघ असलेला एक खडक आणि त्यामागचं झुडूप नजरेत धरून ठेवायचो.

तिसऱ्या दिवशी सहकाऱ्याने उजव्या दारातून थेट उडी मारली. एवढं वजन क्षणात गेल्यावर उजवी बाजू उसळली आणि मशीन डावीकडे कललं. मी सायक्लिक उजवीकडे दिलं, पण टोकं सुटतील या भीतीने नकळत पुढेही ढकललं. समोरची पाती चढाच्या बाजूला खाली झुकली. सरांनी तत्काळ कंट्रोल घेतले आणि मशीन वर उचलून मागे काढलं. माझे पाय पेडलवर थरथरत होते.

मग सरांनी इंजिन बंद करून आम्हाला तासभर नुसतं उतरायला लावलं. आधी एक पाय स्किडवर, मग दुसरा जमिनीवर, आणि भार हळूहळू सोडायचा. पट्टा परत लावायचा, म्हणजे तो दाराबाहेर लोंबकळत नाही. उतरल्यावर पायलटला दिसेल असं तिथेच गुडघ्यावर बसायचं. चढाच्या दिशेने पाऊल टाकायचंच नाही, कारण तिकडे पाती डोक्याच्या उंचीवर येतात. उतरणाऱ्याची ही शिस्त पायलटच्या कौशल्याइतकीच मोलाची आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

दुसऱ्या दिवशी तोच सहकारी उतरला. त्याचा भार सुटत गेला तसा मी कलेक्टिव्ह (उचल कमी-जास्त करणारा दांडा) किंचित खाली घेत, सायक्लिक जेमतेम उजवीकडे दाबत गेलो. पांढरी रेघ जागची हलली नाही. तो गुडघ्यावर बसला, अंगठा वर केला, आणि मी टोकं सोडवून अलगद मागे आलो.