टेन गिग घालून नेमकं काय बघणार आहात?

फोंड्याला आमच्या चुलतभावाचं घर बांधायचं काम चालू आहे, स्लॅब पडलाय, आता वायरिंग, आणि तो रोज रात्री यूट्यूबवर कुणीतरी दहा गिगाबिटचा (म्हणजे टेन गिगचा) स्विच, म्हणजे घरातल्या नेटच्या वायरी जिथे एकत्र जोडतात तो डबा, लावलेला बघतो आणि मला मेसेज टाकतो की आपणही तोच घालूया का. त्याच्याकडे चार टीबीची डिस्क आहे, त्यात पिच्चर, मुलीचे व्हिडिओ आणि गावच्या जत्रेतल्या नाटकांची जुनी रेकॉर्डिंग, बस. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो, दुसऱ्या कुणाचं घर चालू असेल तर त्यालाही होईल.

तर बघा, फोरके ब्लू-रेची डिस्क १४४ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आतच डेटा देते, त्याच्या वर जातच नाही. नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ एमबीपीएस मागतं. आणि साधी गिगाबिट लाइन म्हणजे १००० एमबीपीएस. म्हणजे चवथीला सगळं खानदान जमलं आणि हॉलमध्ये, माडीवर, आतल्या खोलीत तीन टीव्हींवर तीन वेगळे फोरके पिच्चर लागले तरी निम्मी लाइन रिकामीच. आणि एक, तुमचा इंटरनेटचा प्लॅन १०० चा असो की ३०० चा, घरातल्या नॅसवरून, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावरून, घरातल्या टीव्हीवर बघताना त्याचा काही संबंध नाही, तो डेटा घराबाहेर जातच नाही.

स्पीड लागतो तो कॉपी करताना. एमबीपीएसला आठाने भागा, म्हणजे एमबी मिळतात. गिगाबिटचे कागदावर १२५, हातात साधारण ११० एमबी सेकंदाला. ६० जीबीची फाइल नऊ-दहा मिनिटांत जाते, तेवढ्यात चहा होतो. अडीच गिगच्या स्विचवर तीच निम्म्याहून कमी वेळात जायला हवी, पण नॅसमध्ये एकच फिरती हार्ड डिस्क असेल तर तीच सेकंदाला दोनशे एमबीच्या आसपास दमते, मग दहा गिग लावून ती पळणार थोडीच? लग्नाचं शूटिंग करणारे, नॅसवर एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क) लावून थेट तिथूनच एडिट करणारे, त्यांनी जरूर घ्यावं. बाकीच्यांचे पैसे उडतात, वर दहा गिगचा तांब्याच्या वायरवाला स्विच बंद कपाटात चांगलाच तापतो.

खरी गंमत टीव्हीत आहे. लाखभराच्या टीव्हीलासुद्धा मागे लॅन पोर्ट बऱ्याचदा १०० एमबीपीएसचाच असतो, कंपन्या का असं करतात देव जाणे. त्यामुळे मोठी फोरके फाइल वायरवर अडकते आणि तीच ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर सुरळीत चालते, आणि माणूस उगाच राउटर बदलत बसतो.

आता तुम्ही म्हणाल मग सगळं वायफायवरच करूया. करा, फ्लॅट असेल तर. आपली चिऱ्याची घरं, वीतभर जाड भिंत, दोन भिंती मध्ये आल्या की ५ गिगाहर्ट्झचं काम तमाम, आणि २.४ पोचतं पण त्यावर फोरके ओढायचं म्हणजे अवघडच. मग आतल्या खोलीतून आवाज येतो, "वायफाय चलना मरे!", म्हणजे चालत नाही रे.

म्हणून माझं मत एकच, पैसे स्विचवर नको, वायरवर घाला. प्रत्येक खोलीत प्लॅस्टर व्हायच्या आधी पाइप टाकून कॅट ६ ची नेटवर्क वायर, आणि तीही अस्सल तांब्याची, बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते ती नको. अडीच गिगचं स्टँडर्ड २०१६ ला आलं तेच मुळी जुन्या कॅट ५ई वर १०० मीटर चालावं म्हणून, आणि कॅट ६ वर तर ५५ मीटरपर्यंत दहा गिगही जातं, तेव्हा उद्या लागलंच तर फक्त डबे बदलायचे, भिंत फोडायची नाही.

क्रिम्प करताना, म्हणजे वायरीच्या टोकाला कनेक्टर बसवताना मात्र इलेक्ट्रिशियनच्या बाजूला उभे राहा. सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी, याच क्रमाने. १०० एमबीपीएसला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते, गिगाबिटला चारही. म्हणून तपकिरी तार जरा सैल राहिली की नेट बंद पडत नाही, गुपचूप शंभरवर येतं, आणि दहा मिनिटांची कॉपी दीड तास चालते. कुणाला कळतही नाही. इलेक्ट्रिशियन जायच्या आधी प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा, १००० दिसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

आणि अंगणातून आउटहाउसला किंवा शेजारी काकांच्या घराला लाइन न्यायची असेल तर तिथे तांबं नकोच, फायबर टाका. पावसाच्या सुरुवातीला आणि जाताना आपल्याकडे ज्या विजा कडाडतात त्यात बाहेरून आलेली तांब्याची वायर राउटर, स्विच, नॅस सगळंच घेऊन जाऊ शकते, फायबरच्या काचेतून करंट येत नाही. त्यातून उरलेच पैसे तर नॅसला छोटा यूपीएस घ्या, लाइट तर जाणारच आहे.