आमची वाटचाल : जाम झालेली चार चाके आणि पाण्याचा ग्लास

शिवाजी उद्यमनगरात वस्तादांनी आणि मी मिळून ब्रेकचे गॅरेज सुरू केले, तेव्हा चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला आतून शू दाबून गाडी थांबवणारे) असलेल्या पद्मिनी आणि अँबॅसिडर गाड्या कोल्हापुरात गल्लोगल्ली उभ्या असत. भांडवल म्हणजे एक जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), शूच्या स्प्रिंगा काढण्यासाठी वस्तादांनी स्वतः घडवलेला आकडा आणि निपलचा (चाकाच्या ब्रेकमधले तेल आणि हवा सोडायच्या बारीक तोटीचा) रिंग पाना. त्या पान्याने आम्ही एकाही निपलच्या कडा मारल्या नाहीत. तो आजही माझ्याच खणात असतो.

आमचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे गडहिंग्लजचे एक गुरुजी. त्यांच्या पद्मिनीला आम्ही नवे शू आणि व्हील सिलिंडरची (तेलाच्या दाबाने शू ढकलणाऱ्या, चाकातल्या सिलिंडरची) रबरी किट बसवली. महिन्याभराने निपाणीच्या पुढे तवंदीचा घाट चढताना गाडी ओढेना, लायनर (शूवरचा घासणारा थर) जळल्याचा वास येऊ लागला. मधल्या काळात ज्या मोठ्या गॅरेजात त्यांनी ब्रेक ऑइलची पातळी भरून घेतली होती, त्याच्या मालकाने ‘किट हलकी बसवली’ असे आमच्याविषयी गावभर सांगितले. टॅक्सीवाले गेले, एका साखर कारखान्याच्या गाड्या गेल्या, पाच महिन्यांचे भाडे थकले आणि वस्तादांनी वहिनींच्या पाटल्या गहाण ठेवल्या.

गुरुजींनी मात्र गाडी आमच्याकडेच आणली. गाडी घोड्यांवर घेतली तर चारही चाके जाम होती. एकच चाक धरत असते, तर स्प्रिंग, गंजलेला पिस्टन किंवा आतून सुजलेला होज पाइप पाहिला असता; फक्त मागची दोन धरत असती, तर हँडब्रेकची केबल किंवा मागचा होज. मागचे निपल सैल करताच तेलाची पिचकारी उडाली आणि चाक हाताने फिरू लागले, म्हणजे दाब आत अडकलेला होता आणि शू, अ‍ॅडजस्टर निर्दोष होते. पेडल पुन्हा दाबून चाके जाम केली आणि मास्टर सिलिंडरजवळचा (पेडल दाबले की सगळ्या चाकांकडे तेलाचा दाब पाठवणाऱ्या सिलिंडरजवळचा) पाइप सैल केला, तशी चारही एकदम सुटली. पुशरॉडला (पेडलपासून मास्टरला ढकलणाऱ्या दांड्याला) मोकळीक होती, म्हणजे दोष तिथे नव्हता. मास्टर उघडला, तर रबरी कप फुगून तेल परत जाण्याच्या बारीक छिद्रावर बसला होता, म्हणून पेडल सोडले तरी दाब सुटत नव्हता.

वस्तादांनी चहाच्या ग्लासात पाणी घेऊन ब्रेक ऑइलच्या टाकीतले तेल त्यात सोडले. खरे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळते. येथे मात्र वर पिवळा तवंग तरंगत राहिला. कोणीतरी टाकीत खनिज तेल ओतले होते आणि त्याने यंत्रणेतले सगळे रबर फुगवले होते. आम्ही सगळे पाइप धुऊन चारही चाकांची किट, मास्टर किट आणि होज नवे घातले.

पुढची वर्षे कामात गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शू गंजून ड्रमला चिकटलेल्या गाड्या आमच्याकडे आल्या. म्हणून सांगतो, पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, ते दोन वर्षांनी बदलावेच, आणि बाटली स्वतः पाहिल्याशिवाय टाकीचे झाकण कोणाला उघडू देऊ नये.

गुरुजींनी त्या कामाचे पूर्ण पैसे दिले आणि तो ग्लास स्वतः नेऊन टॅक्सी स्टँडवर सर्वांना दाखवला. टॅक्सीवाले परतले. कारखान्याच्या गाड्या आल्या नाहीत, आणि त्या मालकाने आपली चूक अजून मान्य केलेली नाही.