काच वर येत नाही, मोटर बदलायची का?

हा प्रश्न मला गल्लीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये आणि एकदा हळदीकुंकवाला गेले असतानाही लोकांनी विचारलाय. गाडी पंधरा-वीस वर्षांची असते, बटण दाबलं तरी एखादी काच हलत नाही, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की मोटर गेली. परवा शेजारच्या काकांनी जिन्यात गाठून तेच विचारलं. मागच्या डाव्या दाराची काच खाली जाते, पण वर येताना काहीच होत नाही. मी तेव्हा घाईत होते. काका, तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

इतक्यात मोटर बदलू नका. आधी दहा मिनिटं गाडीत बसून काही गोष्टी तपासा. त्यासाठी डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आवरण, उघडावा लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही.

हे मी शिकले ते आमच्या 2004 सालच्या गाडीवर. आम्ही साताऱ्यात राहतो. माझे यजमान कितीतरी वर्षं आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचे. आनेवाडी आणि खेड शिवापूर, जाताना दोन टोल, येताना दोन. 2021 च्या फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला, त्याआधी दर टोलला काच खाली, पैसे, पावती, काच वर. म्हणजे आठवड्याला बारा वेळा नुसती टोलसाठी, आणि त्यात प्रत्येक वेळी दार उघडणं-मिटणं वेगळंच. जुन्या गाड्यांत ड्रायव्हरचं दार सगळ्यात आधी का कुरकुरतं, ते यावरून कळेल.

एका जुलैत वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात आमची ड्रायव्हरची काच उघडली ती मिटेचना. धुकं, तिरका पाऊस, सीट भिजलेली, आणि मागे लहान मुलगा. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये मोटर बदलली. पैसे दिले, काच चालली, आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग एका जुन्या वायरमनकडे गेलो. त्याने डोअर पॅडला हातही लावला नाही. दार उघडलं, दार आणि बॉडी यांच्यामध्ये बिजागऱ्यांपाशी जी रबराची घडीघडीची नळी असते ती मुठीत धरली, जराशी वाकवली आणि मला म्हणाला, "ताई, दाबा बटण." काच सरसर वर आली. नळी सोडली, काच थांबली.

दारात जाणाऱ्या सगळ्या वायरी त्या नळीतून जातात. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा त्या एकाच जागी वाकतात. आतली तांब्याची तार म्हणजे बारीक बारीक धाग्यांचा पीळ. वर्षानुवर्षं वाकून एकेक धागा तुटतो आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. शेवटी दोन-तीन धागे उरतात. मोटरला चालायला साधारण पाच-सात अँपिअर लागतात, काच कुठे अडकली तर त्याच्या कितीतरी पट. तेवढा प्रवाह दोन-तीन धाग्यांतून जायला लागला की विजेचा सगळा दाब, म्हणजे व्होल्टेज, तिथेच खर्च होतो आणि मोटरपर्यंत काही पोचत नाही. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ओहमचा नियम मी शेकडो मुलांना शिकवला असेल, पण तो मला इतका लख्ख दिसला तो त्या दारात.

याच कारणाने व्होल्ट मोजायच्या मीटरवर फार विसंबू नका. मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे एक धागा उरला असला तरी तो बारा व्होल्ट दाखवतो, आणि मग माणूस म्हणतो की करंट येतोय, म्हणजे मोटरच गेली. आमच्या बाबतीत झालं ते असंच. त्या वायरमनकडे जुन्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब होता, दोन वायरी जोडलेला. तो मोटरच्या जागी लावायचा. तो साडेचार अँपिअर मागतो, म्हणजे जवळजवळ मोटरएवढाच हिसका वायरीला देतो. बल्ब लख्ख पेटला तर वायर चांगली. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी वायर किंवा जोड खराब आहे. मीही तसाच एक बल्ब करून ठेवलाय. तो भाजण्याइतका तापतो, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

आणि ती वायर जोडताना नुसती पिळून वर टेप गुंडाळू देऊ नका. डाग दिलेला (सोल्डर केलेला) जोडही त्या वाकणाऱ्या भागात नको, कारण डागाशेजारी वायर कडक होते आणि बरोबर तिथेच पुन्हा तुटते. नळीच्या अलीकडून पलीकडे नवीन मऊ वायरचा तुकडा घालायचा आणि दोन्ही जोड नळीच्या बाहेर ठेवायचे. आमचं ते काम अजून टिकलंय.

आता गाडीत बसून काय पाहायचं ते सांगते. चारही काचा एकदम बंद पडल्या असतील तर मोटरचा विचारच करू नका, चार मोटरी एका दिवशी जात नाहीत. फ्यूज, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू करणारा स्विच) किंवा अर्थ (प्रवाहाची बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट) बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. तिसाच्या जागी चाळीसचा घातला की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. पुढच्या डाव्या आणि मागच्या काचा त्या-त्या दाराच्या बटणाने चालत नसतील पण ड्रायव्हरच्या बटणाने चालत असतील, तर ड्रायव्हरजवळचं काचा लॉक करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का ते आधी पाहा. लोक एवढ्यासाठी गॅरेजला जाऊन आलेले मला माहीत आहेत.

एकच काच बंद असेल तर संध्याकाळी, आतला दिवा लावून बटण दाबा आणि दिव्याकडे बघा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत प्रवाह पोचतोय, ती जोर लावतेय, पण काच अडकलीय. दिवा ढिम्म राहिला आणि आवाजही नाही, तर प्रवाह वाटेतच तुटलाय. मोटरचा घर्र आवाज येतोय पण काच हलत नाही, किंवा दारातून कटकट ऐकू येते, तर वीज ठीक आहे, आतली मशीन, म्हणजे काच वर-खाली नेणारी यंत्रणा, तुटलीय. बऱ्याच गाड्यांत त्या मशीनला तार आणि प्लास्टिकच्या पुली असतात; प्लास्टिक फुटतं, तार गुंतते. काच दोन्ही तळव्यांत धरून हलवून बघा. मोटर आणि मशीन शाबूत असेल तर काच हाताने सरकत नाही, कारण मोटरचा गिअर तिला धरून ठेवतो. हाताने सहज वर-खाली झाली तर मशीन नाही तर काचेची क्लिप गेली.

काच हळूहळू चढते, मध्येच थांबते, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा चालते, असं झालं तर मोटर तापून स्वतःला वाचवतेय. तिला तापवतं कोण? बहुतेक वेळा काचेच्या दोन्ही बाजूंचं बीडिंग, म्हणजे काच ज्या खाचेतून सरकते तिथली रबराची पट्टी. उन्हाने रबर कडक होतं आणि खाचेत धूळ बसते. आइस्क्रीमच्या काडीला ओलं फडकं गुंडाळून ती खाच वरपासून खालपर्यंत पुसा, वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल, ग्रीस, इंजिन ऑइल यातलं काही नको. ऑइल-ग्रीसने रबर फुगतं, आणि कुठल्याही तेलावर धूळ आणखी चिकटते. आमच्या कॉलेजमधल्या एका सरांची काच नुसत्या या पुसण्याने सुधारली, त्यांनी मोटरसाठी पैसे काढून ठेवले होते.

आता काका, तुमची काच. ती खाली जाते, वर येत नाही, वर येताना आवाजसुद्धा नाही, असं तुम्ही म्हणालात. काचेच्या मोटरला दोनच वायरी असतात. एकीला बारा व्होल्ट आणि दुसरीला अर्थ मिळाला की ती एका दिशेने फिरते, उलट केलं की उलट्या. वेगळी 'वर'ची मोटर आणि 'खाली'ची मोटर असं काही नसतं. जी मोटर खाली जाताना फिरते ती जिवंत आहे. म्हातारी मोटर काचेचं वजन उचलताना थकू शकते, पण मग ती कण्हते, दिवा मंद होतो. पूर्ण शांतता असेल तर दोष बटणाच्या संपर्कात असायची शक्यता फार मोठी.

आणि तो दोष तुम्ही दाबताय त्याच बटणात असेल असंही नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या दाराच्या दोन्ही वायरी ड्रायव्हरच्या मास्टर स्विचमधून, म्हणजे त्याच्या दारावर सगळ्या काचांची बटणं असतात त्या पट्टीतून, येतात. कुणी बटण दाबलेलं नसताना मास्टर स्विच त्या दोन्ही वायरींना अर्थ देऊन ठेवतो. तुम्ही मागच्या दारात 'वर' दाबता तेव्हा प्रवाह मोटरमधून जाऊन 'खाली'च्या वायरीने परत फिरतो आणि मास्टर स्विचमधून अर्थला मिळतो. तिथला संपर्क काळा पडला असेल तर परतीची वाटच बंद. म्हणजे बिघाड पुढच्या उजव्या दारात आणि काच अडकते मागच्या डाव्या दारात. हे ज्याला माहीत नाही तो मागचं दार उघडून मोटर बदलत बसतो.

उपाय साधा आहे. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्या मागच्या काचेचं मास्टरमधलं बटण वीस-पंचवीस वेळा भराभर दोन्हीकडे दाबा. घासून संपर्क जरा साफ होतो. त्यानंतर काच एकदा जरी वर आली तरी दोष कुठे आहे ते कळलं. तसंच मागच्या डाव्या आणि उजव्या दाराची बटणं बहुतेक गाड्यांत एकसारखी असतात. त्यांची अदलाबदल करून बघा. दोष बटणाबरोबर दुसऱ्या दारात गेला तर बटणच खराब. मास्टर स्विच उघडून आतले तांब्याचे ठिपके बारीक पॉलिश पेपरने हलके पुसता येतात, पण आत इवल्या स्प्रिंगा असतात, त्या उडतात. पारदर्शक पिशवीत हात घालून उघडा.

डोअर पॅड उघडायची वेळ आलीच तर त्यामागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद फाडू नका, आणि नीट परत चिकटवल्याशिवाय पॅड बसवू देऊ नका. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तो कागद आत येऊ देत नाही. दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पाणी दारातच साठतं आणि मोटर भिजत राहते. दार हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला तर आजच काडी घालून भोकं मोकळी करा. मशीन कैचीसारखी असेल, तर तिला जाड स्प्रिंग असते. मोटरचे स्क्रू काढताच ती कैची झटक्यात फिरते आणि बोट तुटू शकतं. ते काम जाणत्याकडेच द्या.

"एक काच तर आहे, चालवू तशीच," असं खूप जण म्हणतात. ते मला खरंच पटत नाही. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या गाड्यांत काही माणसं गुदमरून गेली, दारंही उघडेनात आणि काचाही. तेव्हापासून मी गाडीच्या काचेकडे सोय म्हणून बघत नाही. पाणी चढताना दिसलं की वीज चालू आहे तोवर आधी काच खाली करा, मग बाकीचं. ती नाहीच उतरली तर बाजूची काच कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडा. समोरची फोडायच्या नादी लागू नका, तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण वाट देत नाही. आमच्या गाडीत अशी छोटी हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी असते. आणि मागे नातवंडं बसत असतील तर काचांचा लॉक लावून ठेवा. जुन्या गाड्यांत हात किंवा मान अडकली तरी काच थांबत नाही. बटण दाबून वर जाणारी असेल तर मुलाचा गुडघा टेकला तरी ती चढते.

काका, आज रात्री पाऊस आला तर काच उघडी राहायला नको. संध्याकाळी पाचनंतर मी घरी आहे, बल्ब घेऊन खाली येते. आधी मास्टरचं बटण दाबून बघू. त्याने नाही जमलं तर पॅड काढून मोटरच्या दोन वायरींना बॅटरीतून थेट करंट देऊ आणि काच तेवढी वर करून ठेवू. येताना गाडीची किल्ली आणा आणि मागच्या सीटवरची पोती तेवढी काढून ठेवा, दार पूर्ण उघडायला जागा लागेल.