२५ अक्षरांचा फ्रेंच शब्द कसा फोडायचा

फ्रेंच शिकायला लागून दीडेक वर्ष झालं तरी लांब शब्द आला की माझी जीभ अडखळायची, आणि त्याचं कारण आत्ता कुठे कळलंय. मी स्पेलिंग बघून शब्द फोडत होते. 'देवलॉपमाँ' (développement), म्हणजे विकास. ओळीच्या शेवटी हा शब्द तोडायचे नियम बघितले तर त्याचे पाच तुकडे पडतात, पण पॅरिसकडचा माणूस बोलताना तीनच म्हणतो, देव्-लॉप्-माँ. मधले दोन ई कागदावर असतात, तोंडात येतच नाहीत, म्हणून त्यांना मुका ई म्हणतात.

आणि हे आपल्याला नवीन नाहीये! आपण लिहितो आ-व-ड-तं आणि म्हणतो आ-वड्-तं, मधला अ कुणी न शिकवताच गिळतो.

दुसरी गोष्ट, फ्रेंचला तुकडा स्वरावर संपवायला आवडतो. 'दुर्दैवाने' या अर्थाचा १५ अक्षरांचा शब्द आहे (malheureusement), त्यात एलनंतर एच येतो, मी 'माल्' म्हणून थांबायचे, पण एच मुका असल्यामुळे ल सरळ पुढच्या तुकड्यात जातो: मा-लो-रोझ्-माँ. (यातला ओ आपला नाही, ओठ ओ सारखे गोल करून ए म्हणून बघा.) आघाताचं म्हणाल तर इंग्रजीसारखा मधेच कुठेतरी जोर द्यायचा नाही, सगळे तुकडे सारख्या वजनाचे आणि शेवटचा जरासा लांब.

आता तो प्रसिद्ध २५ अक्षरांचा शब्द, anticonstitutionnellement, अर्थ 'घटनाबाह्य रीतीने'. लिहिताना नऊ तुकडे, बोलताना आठ: आँ-ति-कोँस्-ति-त्यु-स्यो-नेल्-माँ. 'स्यो' नाकातून काढू नका, पुढे दोन एन आणि स्वर आहे, त्यामुळे तो साधा ओ राहतो, माझी इथेच सगळ्यात जास्त चूक व्हायची. मी तो शेवटाकडून पाठ केला, आधी माँ, मग नेल्-माँ, मग स्यो-नेल्-माँ, असं मागे मागे जात, कारण मग शेवट कधी लटपटत नाही, श्वासही पुरतो.

फक्त एक लक्षात ठेवा, मुका ई सगळीकडे मुका नसतो. फ्रान्सच्या दक्षिणेत, मार्सेय-तुलूझकडे, तो बऱ्याचदा स्पष्ट ऐकू येतो, आणि जुन्या छंदातल्या कवितेत व्यंजनाआधी आला तर मोजावाच लागतो, म्हणजे तिथे देवलॉपमाँ परत पाच तुकड्यांचा होतो. लहानपणी श्लोक म्हणताना आपण नाही का एरवी गिळलेला अ पूर्ण म्हणायचो, अगदी तसंच.