‘मनी’चा लूप: लंगडा ठोका सापडला

पिंक फ्लॉइड या बँडचं ‘मनी’ गाणं पैशाच्या आवाजांच्या लूपने सुरू होतं: सात आवाजांचे फितीचे तुकडे जोडून केलेलं, पुन्हा पुन्हा फिरणारं कडं. तसाच माझा लूप चालला! चौथा ठोका उशिरा पडतो म्हणून मागच्या वेळी इथे रडलो होतो, तो लंगडेपणा गेला. आता टेप डेक कितीही वेळ फिरू द्या, सात मात्रा सरळ पडतात.

आवाज गोळा करण्याचं काम तसं मजेत झालं. हे गाणं ज्यात आहे त्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ अल्बमसाठी बँडच्या रॉजर वॉटर्सने बायकोच्या कुंभारकामाच्या भांड्यात नाणी टाकली होती. मी आधी आईची काटवट घेतली, पण लाकूड आवाज खाऊन टाकतं. तांब्याचं घंगाळ काढलं आणि काम झालं. आताच्या स्टीलच्या रुपयात दम नाही, जुना जाड रुपया टाकला की खणखणीत येतो. त्यांचा ड्रमर निक मेसन याने जुन्या पेनींना भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवल्या होत्या. आपल्याकडे नाण्याला भोक पाडणं कायद्यात बसत नाही, म्हणून लोखंडी वॉशर ओवले. गल्ल्याचा खण लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या मित्राच्या दुकानात मिळाला, नोटा मोजायचं मशीन आणि पावतीपुस्तक अडतीवर. अडतीवरचे मामा विचारत होते, “काय करायलास रे हे? आवाजाचे पैसे येतात का?” त्यांना सांगितलं, पैशाच्या आवाजावरच एका बँडला अमेरिकेत हिट गाणं मिळालं. पटलं नसावं.

आता मुख्य दुखणं. माझा डेक सेकंदाला 19 सेंटिमीटर फीत ओढतो. ठोका अर्ध्या सेकंदाचा धरला, म्हणजे एक तुकडा 9.5 सेंटिमीटरचा आणि सात तुकडे मिळून 66.5. लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत मूळ लूप करतानाही फूटपट्टीनेच मोजून समान तुकडे कापले होते, मग माझाच लूप का लंगडावा? मोटर तपासली, फीत दाबून ओढणारा पिंच रोलर स्पिरिटने पुसला, पट्टा बदलला. काही फरक नाही.

पहिला संशय तिरक्या कापावर गेला. पाव इंची फितीवर 45 अंशांचा काप 6.35 मिलिमीटर लांबीवर पसरतो, म्हणजे या वेगाला साधारण 33 मिलिसेकंद. त्यात माझा डेक स्टिरिओ, त्यामुळे एका कानात नाणं आधी वाजतं आणि दुसऱ्यात मागाहून. नाणी, वॉशर, गल्ला हे सगळे सरळ 90 अंशांत कापले. सरळ कापाला टिक् येते म्हणतात, पण ती नाण्याच्या खणक्यातच लपून जाते. ठोके टोकदार झाले. चौथा मात्र तसाच, उशिरा येणारा.

चौथा होता पावती फाडल्याचा. रीळ हाताने मागेपुढे करत हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, ऐकलं तेव्हा उलगडलं. नाणं तुकड्याच्या पहिल्याच मिलिमीटरला वाजतं. कागद मात्र आधी चुरचुरतो, मग फर्रकन फाटतो, आणि कान ठोका धरतो तो फर्रवर. ते फर्र तब्बल 11 मिलिमीटर आत होतं! सुरुवातीची चुरचुर छाटून पाहिली तर आवाज कागदाचा राहिना, बटण दाबल्यासारखा झाला. म्हणून मग आधीच्या गल्ल्याच्या शेपटीतून 11 मिलिमीटर उडवले आणि तेवढेच पावतीच्या तुकड्याला दिले. गल्ला 8.4, पावती 10.6, एकूण लांबी तीच. तुकडे समान राहिले नाहीत, ठोके समान झाले. नोटांच्या मशीनलाही हाच उपाय लागला, फक्त 5 मिलिमीटरचा.

जोडपट्टीबद्दल एक कळकळीची सूचना: स्टेशनरीतली चिकटपट्टी लातूरच्या एप्रिलमध्ये वापरू नका. गोंद पाझरून हेडवर बसतो. खरी स्प्लायसिंग टेपच घ्या, महाग पडली तरी. आणि मुंबईच्या एका विक्रेत्याने ‘कोरी’ म्हणून पाठवलेल्या रिळावर कुणाच्या तरी लग्नातली सनई निघाली, तेव्हा रीळ आधी ऐका आणि मगच कापा.

पुढचा बेत मूळ क्रमाशी ताडून पाहायचा होता. पण हे लिहिता लिहिता लूप मागे चालूच आहे, आणि माझी बोटं टेबलावर रूपक ताल धरतायत. सात मात्रा, तीन-दोन-दोन! रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवर, खाली (टाळीऐवजी हलका ठोका) असते, म्हणजे पहिल्या मात्रेला हलका आवाज हवा आणि चौथी-सहावी वजनदार. पावती उचलून पहिल्या मात्रेला ठेवली तर? चौथीला अडतीवरचं पाच किलोचं लोखंडी माप, काट्यावर आपटलेलं. सहावीला गल्ला. मूळ लूपची नक्कल करण्यापेक्षा हे जास्त आपलं होईल. मधल्या गिटार सोलोला बँड चारच्या तालात जातो, तिथे काय करायचं ते नंतर बघू.

क्रम बदलला की सगळ्या शेपट्या पुन्हा मोजाव्या लागणार, कारण पावतीच्या आधी आता गल्ला नसेल. उद्या पहाटे, लाइट जायच्या आत, अडतीवर माप आपटायला जातोय. पाव इंचाचा, सरळ आणि तिरकी दोन्ही खाच असलेला अॅल्युमिनियमचा स्प्लायसिंग ब्लॉक (फीत धरून कापायचा ठोकळा) कुणी विकत असेल तर कळवा; प्लॅस्टिकचा नको, ब्लेडने त्याची खाच रुंदावते.